लांबल्या तरी न बिघडलेल्या मालिका, सिनेमे, नाटकं: तुमचा कौल कुणाला?

सुरंगी

"भाग दुसरा", "पर्व तिसरं" असं काही जाहीर झालं की हल्ली पोटात गोळाच येतो. बिघडलेल्या गोष्टींची रडगाणी आपण इथे पुष्कळ गायली आहेत, तो विषय नको. मला उलट्या बाजूने विचारायचंय. वर्षानुवर्षं चालूनही ज्यांचा दर्जा टिकला अशा मालिका, सिनेमांच्या साखळ्या, नाटकं, चित्रकथा, काहीही, कुठल्या?

नुसतं चालू असणं पुरेसं नाही. 'सीआयडी' १९९८ मध्ये सुरू झालं, २०१८ पर्यंत चाललं आणि २०२४ च्या डिसेंबरात परत आलं. आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी जेवताना तेच लागतं आणि मीही ताट घेऊन समोर बसते. पण ते सवयीचं प्रेम झालं. माझी कसोटी अशी: ज्याने आधीचं काहीच पाहिलेलं नाही अशा माणसाला अगदी अलीकडचा भाग दाखवायचा, आणि दाखवताना "सुरुवातीचे बघायला हवे होतेस रे तू" असं म्हणायची पाळी येता कामा नये.

माझं पहिलं मत तोरा-सानला. जपानी सिनेमांची साखळी, १९६९ ते १९९५, एकूण ४८ सिनेमे, नायक प्रत्येक वेळी कियोशी अत्सुमी. ४८ पैकी ४६ सिनेमे योजी यामादा या एकाच दिग्दर्शकाचे. गोष्ट दर वेळी तीच म्हटली तरी चालेल. तोराजिरो हा गावोगावच्या जत्रांत किरकोळ माल विकणारा फिरस्ता. टोकियोच्या शिबामाता भागात त्याच्या काका-काकूचं मिठाईचं दुकान. हा न कळवता घरी उगवतो, आधी लाड, मग भांडण, मग कुठल्यातरी बाईच्या प्रेमात पडतो, ते जमत नाही आणि पेटी उचलून पुन्हा चालू लागतो. गणपतीला येऊन गौरी जेवायच्या आत भावाशी वाजवून घेणारा चाकरमानी आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात असतोच, त्यामुळे मला हे सिनेमे परके वाटले नाहीत. तिकडेही ते सुट्टीच्याच मुहूर्तावर यायचे, उन्हाळ्यात ओबोनला आणि वर्षअखेरीला.

इतका तोचतोचपणा असून कंटाळा का येत नाही? मला वाटतं, त्याच्या आजूबाजूची माणसं खरोखर मोठी होतात म्हणून. तान्हा दिसलेला भाचा मित्सुओ बघता बघता कॉलेजच्या वयाचा होतो. अत्सुमीची तब्येत ढासळत गेली तशी १९८९ पासून प्रेमप्रकरणं भाच्याकडे सरकवली, मामा सल्ले देणारा झाला. १९९६ मध्ये अत्सुमी गेला, तर त्याच्या जागी दुसरा नट उभा केला नाही. २०१९ मध्ये जुनी दृश्यं गुंफून आणखी एक सिनेमा आला तो आठवणींचाच.

चला, आता तुम्ही बोला.


चिपळूणचा निख्या

रुमाल टाकून ठेवतो, सविस्तर रात्री.

तोवर माझं मत मिशन इम्पॉसिबलला. १९९६ ते २०२५, आठ सिनेमे, टॉम क्रूझ. पहिल्या पाचांना पाच वेगवेगळे दिग्दर्शक, म्हणून प्रत्येकाची चव निराळी. दुसरा सोडून द्या, त्यात कबुतरंच जास्त उडतात. चौथ्यात तो बुर्ज खलिफावर लटकला तेव्हा मी खुर्चीचा हात धरून बसलो होतो. पाचव्यापासून ख्रिस्तोफर मॅक्वारीने मुक्कामच ठोकला. सहावा सगळ्यांत भारी. शेवटच्या दोनांत मात्र माणसं पळतात कमी आणि बोलतात जास्त.


तिठ्यावयलो

सुरंगीबाय, यादी बरी आसा, पण सगळी विलायतेची. आमच्या देवळासमोर रातभर चलता ता कोणाकच दिसाक नाय? दशावतारापेक्षा जुनी मालिका आसा काय तुमच्याकडे? गणपती तोच, संकासूर तोच, शेवटाक राक्षस मरतलो ह्या शेंबड्या पोराकय म्हायत. तरी लोक थंडीत गोधडी घेवन येवन बसतत. नाटकात दम नसतो तर ती गोधडी घेवन घरातच नसते झोपले?


चिपळूणचा निख्या

दादा, दशावतार भारीच, पण ती लोककला. फ्रँचायझी म्हणजे कुणाच्या तरी मालकीची आणि नावावर विकली जाणारी गोष्ट. उद्या तुम्ही पालखीलाही फ्रँचायझी म्हणाल.


तिठ्यावयलो

मालक नाय? अरे झिला, कंपनी मालकाच्या नावानच वळाकतत. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, आरोलकर, चेंदवणकर. जत्रेत इल्यार माणूस पयलो काय इचारता? "आज कोणाचा नाटक?" खयचा आख्यान ता मगे. तुझो टॉम क्रूझ वेगळा काय करता?


सुरंगी

दशावतार चालेल. धागा माझा, नियम माझे. पण निख्याचा मुद्दा अगदीच उडवून लावू नका. परंपरा म्हणून आपण बऱ्याच गोष्टींना हात जोडतो, तशी सूट इथे द्यायची नाही. माझी कसोटी दशावतारालाही लावा. पायपेटीदादा आहेत का? त्यांनी आतलं सांगावं.


पायपेटी

बोलावलंत म्हणून लिहितो. कंपनीचं नाव विचारू नका, मालकही इथे वाचतात.

खाडीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्यांसाठी आधी थोडं. नाटकाचे दोन भाग. पहिला आडदशावतार: गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, मग वेद पळवणारा संकासूर आणि त्याला मारणारा विष्णू. हे सगळं ठरलेलं. मग आख्यान, ते पहाटेपर्यंत, आणि शेवटी दहीकाला. आख्यान कुठलं लावायचं ते बहुतेक वेळा त्याच दिवशी ठरतं. मालक किंवा जुना नट कथा सांगतो. राजपार्ट कोण, स्त्रीपार्ट कोण, राक्षस कोण ते वाटून दिलं जातं, आणि मग ज्याने त्याने आरसा मांडीवर घेऊन आपापलं तोंड रंगवायचं. लिहिलेला संवाद नाही. कुठल्या प्रवेशात काय घडलं पाहिजे एवढंच नक्की. ते कसं घडवायचं ते समोरचा नट, पखवाज, माझी पेटी आणि त्या रात्री बसलेले लोक मिळून ठरवतात.

सिनेमा फसला हे करणाऱ्याला कळेपर्यंत पैसे खर्च होऊन गेलेले असतात. आम्हाला त्याच मिनिटाला कळतं. जत्रेत रंगमंचापासून जवळच खाज्याची, म्हणजे जत्रेतल्या गोड खाऊची, दुकानं असतात. प्रवेश पडला की माणसं उठून खाजं घ्यायला जातात आणि पेटीवर बसल्या जागेवरून मला ती उठणारी डोकी दिसतात. मुरलेला राजपार्ट तिथेच संवाद आवरतो, डोळ्याने मला खूण करतो आणि पद उचलतो. दुसऱ्या गावात तेच आख्यान लागलं तर तो प्रवेश निम्म्यावर आलेला असतो. कोणी बैठक घेत नाही, कोणी कोणाला सांगत नाही.

उलटही होतं. एखाद्या रात्री संकासुराने त्या गावच्या सरपंचावर, रस्त्यावर, विजेच्या खांबावर असं काही मारलेलं असतं की लोक लोटपोट. ते वाक्य पुढच्या गावात नेऊन चालत नाही. तिथला रस्ता वेगळा, तिथली भांडणं वेगळी. संकासूर करणारा नट दुपारी गावात चहा प्यायला का जातो ते आता तुमच्या लक्षात येईल.

आता दर्जाचं. हरिविजय, पांडवप्रताप वाचलेला नट आणि मोबाइलवर दुसऱ्याचं नाटक बघून तयार झालेला नट समोरासमोर आले की दोन वाक्यांत फरक कळतो. वाचलेल्याला अडवलं तरी तो चार वाटांनी बाहेर येतो. दुसरा पाठ केलेलं संपलं की आवाज चढवतो. मोबाइलवाल्यांची संख्या वाढली आहे, ते नाकारत नाही. पण चांगला राजपार्ट नवख्याला भर रंगमंचावर प्रश्न विचारून कात्रीत धरतो. चार माणसांत एकदा तोंडाला कुलूप लागलं की तोच पोरगा दुपारी पोथी उघडून बसलेला मी बघितला आहे.


तिठ्यावयलो

ह्येका म्हणतत लिवणा! पायपेटी, तुमका पुढच्या जत्रेत खाजा माझ्याकडना.


सड्यावरचा

पायपेटी, मस्त लिहिलंत, पण सोयीचं तेवढंच. ट्रिकसीनबद्दल एक अक्षर नाही?

धूर, लाल-निळे लाइट, धडावेगळं होणारं डोकं. जाहिरातीच्या फलकावर आख्यानाच्या नावापेक्षा 'ट्रिकसीनयुक्त' मोठं छापतात. आणि संयुक्त दशावतार? वेगवेगळ्या कंपन्यांचे गाजलेले नट एका रात्रीत एका रंगमंचावर. आपल्या लोकांनी अ‍ॅव्हेंजर्सचा प्रकार कधीच करून ठेवलाय म्हणायचा. पण रोगही तोच. प्रत्येक जण आपल्या टाळ्या घेऊन जातो, मधल्या मधे कथा बेपत्ता. राजापुरात बघितलेल्या अशा एका प्रयोगात दोन राजपार्ट एकमेकांना उत्तरं देत इतके रंगले की ज्या बाईच्या सुटकेसाठी युद्ध चाललं होतं ती बिचारी मागे बाकावर बसून राहिली.

खाज्याच्या दुकानाचा मुद्दा चांगला आहे, पण लोक डोकं उडताना बघायला परत येऊन बसतात, तेही त्या डोक्यांच्या मोजणीत धरा. लोकांनी उठणं-बसणं हे दर्जाचं माप असेल तर रोज रात्री सासूचं कारस्थान दाखवणाऱ्या मालिका सगळ्यांत थोर.


पायपेटी

सड्यावरचे, संयुक्तबद्दल वाद घालणार नाही. त्याला तिकीट असतं, माणूस नट बघायला येतो, त्याला नट दाखवतात. जत्रेतल्या नाटकाला तो निकष लावू नका.

ट्रिकसीन मला स्वतःला आवडत नाही. पण एक बघितलंय. ज्या नटाला बोलता येतं त्याच्या नाटकात डोकं उडतं ते पाच मिनिटं, बाकीची रात्र तो बोलतो. ज्याला बोलता येत नाही त्याला रात्रभर धूर सोडावा लागतो, आणि धूर विकत घ्यावा लागतो.

आमच्या विरुद्ध जाणारी गोष्ट मीच सांगतो, तुम्ही काढलीच नाहीत. काही गावांत अमुक जत्रा अमुकच कंपनीची असा जुना रिवाज आहे. तिथे नाटक पडलं तरी पुढच्या साली आमचीच गाडी येणार. तशा गावांत नट अंग चोरतात. सगळे नव्हे, पण चोरतात.


गुहागरवाली

आमच्या नमनाला कोणी विचारणार आहे का? गण, गवळण, मावशी, पुढे वग, आणि शक्ती-तुऱ्यातले सवाल-जवाब. तिथेही चौकट ठरलेली आणि शाहिराने आयत्या वेळी उत्तर द्यायचं. पण बाकी धागा सिंधुदुर्गाने बळकावलेला दिसतोय, म्हणून गप्प बसते.

गप्प बसते म्हणजे बसत नाही. कोकणातला धागा आणि अजून अण्णा नाईक कसे आले नाहीत?

'रात्रीस खेळ चाले' २०१६ ला आलं, दुसरं पर्व २०१९ ला, तिसरं २०२१ ला. मला दुसरं सगळ्यांत सरस वाटतं आणि त्याचं कारण साधं आहे. पहिल्यात अण्णा मेलेले, कोण कोणाला का घाबरवतंय ते लपवत लपवत गोष्ट न्यायची, त्यामुळे दर आठवड्याला नवीन माणसावर संशय. दुसरं पर्व मागे गेलं, अण्णांच्या जिवंतपणी. शेवट सगळ्यांना माहीत. मग लेखकाला धक्के द्यायची गरजच उरली नाही आणि माणसं रंगवायला वेळ मिळाला. अण्णांची मग्रुरी, माईंचं सगळं कळून गप्प राहणं, शेवंताचं त्या घराच्या उंबऱ्याबाहेर ताटकळणं. माधव अभ्यंकरांनी अण्णा असा केला की आमच्या शेजारच्या वहिनी टीव्हीला शिव्या द्यायच्या. तिसऱ्यात सगळी मेलेली माणसं परत हजर, शेवंता करणारी नटीही मध्येच बदलली, आणि मग मी रिमोट सासऱ्यांना दिला.


तिठ्यावयलो

ता बरोबर. पण एक आसा गुहागरवाली वैनी, पयल्या पर्वापासून माका मुंबयत जो भेटता तो इचारता, "तुमच्याकडे खरंच असं असतं का हो?" आकेरीच्या त्या शूटिंगच्या वाड्यासमोर लोक गाड्ये थांबवन फोटो काढी होते. आमच्या लोकांनी तक्रारीय केल्यानी, कोकणाक भुताटकीचो गाव करून ठेवल्यानी म्हणान. मालिका बरी होती, पण आमची मालवणी त्यातली अर्धी मुंबयची.


परळचा चाकरमानी

मालवणीवरून आठवलं. वस्त्रहरण कसं राहिलं?

१९८० चं नाटक, गंगाराम गवाणकरांचं, पाच हजारांवर प्रयोग. गोष्ट काय, तर कोकणातल्या गावात जत्रेला पौराणिक नाटक बसवताना उडालेला फज्जा. सुरुवातीला चालत नव्हतं, पुलंनी कौतुक केल्यावर लोक वळले, ही कथा इथे सगळ्यांना पाठ असेल. मच्छिंद्र कांबळींचा तात्या सरपंच मी दामोदर हॉलला पाहिलाय. २००७ मध्ये कांबळी गेले. त्यानंतर वेगवेगळ्या नटांनी सरपंच केला, तोही पाहिला.

आणि इथे मी अडकतो. नाटक उत्तम चालतं, लोक हसतात. मला मात्र प्रत्येक वाक्य आधी कांबळींच्या आवाजात ऐकू येतं आणि मग समोरच्याच्या. म्हणजे दर्जा घसरला, की माझा कान म्हातारा झाला? माझ्या मुलाने कांबळी पाहिलेलेच नाहीत. तो परवाच्या प्रयोगाला खुर्चीतून खाली यायचा बाकी होता. सुरंगीताईंची कसोटी लावली तर नाटक पास. मला विचारलंत तर मी गप्प.


सुरंगी

चाकरमानीकाका, कसोटी नवख्यासाठीच आहे, तुमच्यासाठी नाही. वस्त्रहरण यादीत.

फक्त त्यात एक पळवाट आहे हेही खरं. ते नाटकच फजितीचं. नट अडखळला तरी लोकांना वाटतं तसंच बसवलंय. इतकी वर्षं टिकायला याहून चांगली सोय कुठल्या नाटकाला मिळाली असेल?


हर्णैकर

बॉण्डचं नाव कोणीच घेतलं नाही याचं आश्चर्य वाटतंय.

१९६२ ते २०२१, २५ सिनेमे, सहा नट. सगळे चांगले आहेत असं वेडासुद्धा म्हणणार नाही. अदृश्य मोटार दाखवली होती तो २००२ चा आठवा. पण त्यानंतर काय केलं ते बघा. सिनेमा गल्ल्यावर जोरात चालला होता, ब्रॉस्नन लोकप्रिय होता, तसाच आणखी एक काढता आला असता. त्याऐवजी चार वर्षं थांबले, ब्रॉस्ननच्या जागी डॅनियल क्रेगला घेतलं आणि २००६ मध्ये कसिनो रॉयाल आणला, ज्यात धड गॅजेटंही नाहीत. १९८९ नंतर कोर्टकज्ज्यांत सहा वर्षं गेली, तेव्हाही परत आले ते ताजे होऊन.

हे जमलं कारण निर्णय एका घरात होता. आधी अल्बर्ट ब्रोकोली, मग मुलगी बार्बरा आणि सावत्र मुलगा मायकेल विल्सन. दरवर्षी एक काढा म्हणून मागे लागणारा कोणी नाही. २०२५ मध्ये त्यांनी सर्जनाची सूत्रं अ‍ॅमेझॉनकडे दिली. आता ओटीटीवर बॉण्डच्या ऑफिसातल्या मनीपेनीचं बालपण वगैरे आलं तर मला उठवू नका.

दशावतारी कंपनी आणि ब्रोकोली, दोन्हीकडे घराचं नाव पणाला लागलेलं असतं. तिठ्यावयल्याचा मुद्दा मला त्यामुळे पटतो.


ओटीवरून

वाचतो आहे, मजा येते आहे. म्हाताऱ्याचे दोन शब्द.

घराण्याच्या मालकीचं इतकं कौतुक नको. टिनटिनच्या चित्रकथांच्या बाबतीत त्या काढणाऱ्या एर्जेने सांगून ठेवलं की माझ्यानंतर कोणी काढायचा नाही. तो १९८३ मध्ये वारला आणि मालिका थांबली. म्हणून टिनटिनची पुस्तकं आजही डाग नसलेली. अ‍ॅस्टेरिक्सचा लेखक गोसिनी १९७७ मध्ये गेला, चित्रकार उदेर्झोने एकट्याने पुढे रेटलं आणि विनोदाची धार गेली ती गेलीच. घरचाच माणूस होता, मालकही तोच होता, फरक पडला नाही. २०१३ पासून बाहेरचे लेखक-चित्रकार आले आणि ती पुस्तकं निदान वाचवतात.

दुसरं. ज्या मालिकेत गोष्ट पुढे सरकते तिला कधीतरी संपावं लागतं, आणि जिथे गोष्ट गोल फिरते तिला नाही. तोरा-सान, दशावतार गोल फिरणाऱ्यांतले. बीबीसीची 'डॉक्टर हू' १९६३ पासून आहे. मूळ नटाची तब्येत साथ देईना तेव्हा १९६६ मध्ये त्यांनी कथेतच सोय करून टाकली, की हा मरत नाही, देह बदलतो. तेव्हापासून नट बदलणं हाच त्या मालिकेचा सण झाला. १९८९ मध्ये बंद पडली, २००५ मध्ये नव्याने उभी राहिली. 'रात्रीस खेळ' पुढे सरकणारी. ती दुसऱ्या पर्वात मागे गेली तेव्हा वाचली, गुहागरवालींनी बरोबर पकडलं आहे.


चिपळूणचा निख्या

आजोबा, तुमच्या नियमात भोक आहे. (नो टाइम टू डाय बघायचा असेल तर पुढचं वाचू नका.)

क्रेगचा बॉण्ड गोल फिरतच नाही. पहिल्या सिनेमातल्या बाईचं दुःख तो शेवटपर्यंत वाहतो, आणि शेवटी चक्क मरतो. बॉण्ड मरतो! गोष्ट संपली, आणि तरी सगळ्यांना माहीत आहे की पुढचा बॉण्ड येणार. म्हणजे एकाच साखळीत दोन्ही प्रकार.

आणि मॅड मॅक्स? जॉर्ज मिलर स्वतःच. १९७९, १९८१, १९८५, मग तीस वर्षं गायब, आणि सत्तरीत येऊन फ्युरी रोड. गोल नाही, सरळ नाही, प्रत्येक सिनेमा जणू कोणीतरी ऐकलेली दंतकथा. ते कुठल्या कप्प्यात?


ओटीवरून

निख्या, भोक आहे खरं. पण क्रेगच्या पाचांतले दोनच सिनेमे लोकांना पुन्हा पुन्हा बघावेसे वाटतात, आणि मागची बाकी फेडण्यात सगळ्यांत कमी वेळ घालवणारे तेच दोन आहेत, हेही मोज. मॅड मॅक्स मी पाहिलेला नाही.


परळचा चाकरमानी

मराठी सिनेमाचं काय? 'नवरा माझा नवसाचा' कोणी धरणार का? पहिल्यात एसटीने गणपतीपुळे, वीस वर्षांनी दुसऱ्यात कोकण रेल्वेने. आमच्यासारख्यांना दोन्ही प्रवास तोंडपाठ.


चिपळूणचा निख्या

दुसरा भाग म्हणजे आठवणींची वसुली. अशोक सराफ आले की टाळ्या, त्या पहिल्या भागाच्या. आणि गाडी इतक्या वेळेवर धावते की ती कोकण रेल्वे वाटतच नाही.


गुहागरवाली

निख्या, शेवटच्या वाक्याला दहा मोदक.


सड्यावरचा

गोल-सरळचा वाद बाजूला ठेवा. मला गॉडझिला आणायचाय, कारण तो सगळ्यांचे नियम मोडतो.

१९५४ चा पहिला सिनेमा अणुबॉम्बच्या भीतीतून आलेला, गंभीर, काळाकुट्ट. नंतर तोच राक्षस पोराबाळांचा लाडका झाला, इतर राक्षसांशी कुस्त्या खेळायला लागला. कित्येक सिनेमे अक्षरशः टाकाऊ. सुरंगीच्या कसोटीत १९७० च्या आसपास दांडी गुल. आणि ७० व्या वर्षाच्या उंबरठ्यावर, २०२३ मध्ये, 'गॉडझिला मायनस वन'. युद्धातून पळून आलेला वैमानिक, बेचिराख टोकियो, आणि त्यावर हा राक्षस. हॉलीवूडच्या मानाने किरकोळ खर्चात केलेला, तरी दृश्यपरिणामांचं ऑस्कर घेऊन गेला. मी डोळे पुसत बाहेर आलो, राक्षसाच्या सिनेमातून.

म्हणजे मधली चाळीस वर्षं वाईट गेली तरी चालतं का? दर्जा 'टिकला' म्हणायचा की 'परत आला' म्हणायचा? टिकण्यापेक्षा परत येणं जास्त अवघड, असं माझं म्हणणं. तोरा-सानला कधी पडायची वेळच आली नाही.


सुरंगी

पडायची वेळ येऊ दिली नाही, असं म्हणा. बहुतेक वर्षी दोन-दोन सिनेमे काढायचे आणि एकही लाज आणणारा नाही, हे पडून उठण्यापेक्षा सोपं कसं?

तरी गॉडझिलाला वेगळा रकाना देते: 'मध्ये वाया जाऊन सुधारलेले'. डॉक्टर हूही त्यातच. बॉण्डला दोन्ही रकान्यांत अर्धं अर्धं मत.


तिठ्यावयलो

सड्यावयल्यांनू, मगाशी ट्रिकसीनाक नावा ठेवलास आणि आता राक्षस घरा मोडता ता बघून रडतास?


सड्यावरचा

तो राक्षस बोलण्यात वेळ घालवत नाही.


पायपेटी

आमच्यातले काही राक्षस बोलतात तेव्हाच घाम फुटतो. नुसतं 'कोण आहे रे तिकडे' म्हणत पडद्याआडून येणारा एक नट होता आमच्याकडे. आवाज आला की पुढच्या रांगेतली पोरं आयांच्या पदरात. त्याला धूर लागला नाही कधी.


चिपळूणचा निख्या

बरं, मी हरलो नाही, पण बघायला तयार आहे. मी एकही दशावतार पूर्ण बघितलेला नाही, म्हणजे सुरंगीताईच्या कसोटीला मीच योग्य माणूस. कधी आणि कुठे येऊ?


तिठ्यावयलो

कार्तिकी पुनवेच्या सुमारास जत्रा सुरू जातत, थयसून पावसाच्या तोंडापर्यंत खय ना खय नाटक आसताच. मोठ्या जत्रेक येव नको, थयसर तुका नाटकापेक्षा माणसांचे पाठी दिसतल्यो. ल्हान गावात ये. संयुक्त नको, साधी कंपनी बघ. दुपारी झोपान घे आणि पांघरूण घेवन ये.


पायपेटी

आणि निख्या, आडदशावतार चुकवू नकोस. शहरातली मंडळी आख्यानाच्या वेळेला येतात. संकासूर गेला की अर्धी मजा गेली. प्रवेश आवडला नाही तर बिनधास्त उठून खाजं घ्यायला जा. मी बघत असेन.